ईमेलमधली फाइल उघडत नाही? कुलूप त्या एकाच फाइलचं काढा

जुलैमधली गोष्ट. माझी मामेबहीण भोर तालुक्यातल्या आंबवड्याला राहते. बीकॉम झाल्यावर तिला शिरवळकडच्या एका कंपनीत नोकरी लागली. संध्याकाळी कंपनीचा मेल आला: सोबतचा जॉइनिंग फॉर्म भरून उद्या सकाळी अकराच्या आत परत पाठवा. तिने घरातला लॅपटॉप सुरू केला, फाइल डाउनलोड केली, डबल क्लिक केलं. एक्सेल उघडलं आणि वर एक लाल पट्टी आली. फॉर्ममधली बटणं दाबली तरी काहीच होईना.

तिने मला फोन केला. मी मिटिंगमध्ये होतो, उचलला नाही. मग सकाळच्या एसटीने लॅपटॉप घेऊन ती भोरला गेली. तिथल्या एका दुकानात दहा मिनिटांत काम झालं. शंभर रुपये दिले, फॉर्म वेळेत गेला, नोकरी सुरू झाली. सगळे खूश.

गणपतीला मी गावी गेलो, तेव्हा तिने फोनवर आलेला एक मेल दाखवला. “दादा, हे बघ ना. आमच्या एचआरचाच मेल वाटतोय, पण पत्ता वेगळा दिसतोय.” मेलमध्ये सुधारित पगाराच्या तपशिलाची एक्सेल फाइल होती. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीच्या नावातलं एक अक्षर बदललेलं होतं. तिने फाइल उघडली नव्हती, हे नशीब. कारण मी लॅपटॉप तपासला तेव्हा कळलं, की दुकानात त्या दिवशी फक्त तिच्या फॉर्मचं कुलूप काढलं नव्हतं. अख्ख्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरलाच सूट दिली होती. ती पगाराची फाइल या लॅपटॉपवर उघडली असती, तर एकही पट्टी आली नसती आणि आत जे काही होतं ते थेट सुरू झालं असतं.

दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. गिऱ्हाईक घाईत, अकराची मुदत, त्याने सगळ्यात सोपा मार्ग काढला. पण अडवलेली एक फाइल उघडण्यासाठी पूर्ण कॉम्प्युटरची सुरक्षा बंद करायची गरज कधीच नसते. एका फाइलचं कुलूप एका मिनिटात निघतं. ते कसं काढायचं, आणि काढण्याआधी काय बघायचं, ते आज बघू.

आधी ओळखा: नक्की कोण अडवतंय?

“फाइल उघडत नाही” हे आपण सरसकट म्हणतो, पण अडवणारे वेगवेगळे असतात. स्क्रीनवर काय दिसतंय ते नीट वाचलं, की अर्धं काम होतं.

१. वर्ड किंवा एक्सेलमध्ये वर पिवळी पट्टी आणि ‘एनेबल एडिटिंग’ असं बटण दिसतं. फाइल वाचता येते, पण बदलता येत नाही. हे ऑफिसचं ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ आहे.

२. लाल किंवा गुलाबीसर पट्टी येते, तीत मॅक्रो अडवल्याचं लिहिलेलं असतं आणि ‘लर्न मोअर’ सोडून दुसरं बटण नसतं. हाही ऑफिसचाच अडथळा, पण जास्त कडक.

३. निळी मोठी खिडकी येते आणि विंडोजने तुमचा पीसी वाचवला असं सांगते. हे ‘स्मार्टस्क्रीन’. एखादा प्रोग्राम चालवायला गेलात की हे येतं.

४. आउटलुकमध्ये फाइलचं नाव दिसतं पण ती उघडायला किंवा सेव्ह करायला मिळतच नाही. धोकादायक वाटणारी अटॅचमेंट अडवली, एवढंच लिहून येतं.

५. फाइल डाउनलोड होते आणि लगेच गायब होते. हा अँटिव्हायरसचा निर्णय.

६. पासवर्ड मागते, किंवा उघडायला ॲपच नाही असं म्हणते. इथे सुरक्षेचा काही संबंध नाही. याकडे पुढे वळू.

पहिल्या तीन प्रकारांच्या मागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. ती समजून घ्या, म्हणजे बाकीचं सोपं जाईल.

फाइलला चिकटलेली चिठ्ठी

तुम्ही ब्राउझरमधून किंवा आउटलुकमधून फाइल सेव्ह करता, तेव्हा विंडोज त्या फाइलला एक छोटी अदृश्य चिठ्ठी चिकटवतं. तिला ‘मार्क ऑफ द वेब’ म्हणतात. चिठ्ठीत मुख्यतः एक आकडा असतो. ३ म्हणजे फाइल इंटरनेटवरून आली. बऱ्याचदा कुठल्या पत्त्यावरून आली तेही लिहिलेलं असतं. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून अटॅचमेंट अशा रीतीने तपासायची पद्धत विंडोजमध्ये आली.

ही चिठ्ठी फाइलच्या आत नसते, तिच्या शेजारी असते. विंडोजच्या हार्ड डिस्कवर एनटीएफएस नावाची फाइल पद्धत असते, तिच्यात एका फाइलला असा जोडकप्पा ठेवता येतो. पेनड्राइव्हवर मात्र बहुतेक वेळा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतं, आणि त्यात हा कप्पाच नसतो. “फाइल पेनड्राइव्हवर टाक आणि परत घे, मग उघडते” ही युक्ती तुम्ही ऐकली असेल. ती चालते, कारण वाटेत चिठ्ठी गळून पडते. फाइल त्यामुळे स्वच्छ होत नाही. आत व्हायरस असेल तर तो तसाच राहतो, फक्त “ही बाहेरून आली आहे” हे सांगणारं कोणी उरत नाही.

म्हणजे कॉम्प्युटर “ही फाइल वाईट आहे” असं म्हणत नाहीये. तो म्हणतोय, “ही बाहेरून आली आहे. पाठवणाऱ्याला तुम्ही ओळखता का?” या प्रश्नाचं उत्तर कॉम्प्युटरला देता येत नाही. ते तुम्हालाच द्यायचंय.

कुलूप काढण्याआधी तीन प्रश्न

पहिला: मी ही फाइल मागितली होती का, किंवा ती येणार हे मला माहीत होतं का? बहिणीचा जॉइनिंग फॉर्म अपेक्षित होता. सुधारित पगाराची फाइल कोणी सांगितली नव्हती.

दुसरा: पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता काय आहे? फोनवर फक्त नाव दिसतं, आणि नाव कोणीही काहीही ठेवू शकतं. नावावर टॅप करा, पूर्ण पत्ता दिसेल. ॲटच्या चिन्हानंतरचा भाग अक्षर न् अक्षर वाचा. सरकारी कार्यालय म्हणवणारा मेल साध्या जीमेलवरून आला असेल तर तिथेच थांबा. शंका असेल तर फोन करा, पण मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको. ऑफर लेटरवर, कंपनीच्या वेबसाइटवर किंवा आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर करा. आणि मेल ओळखीच्याच पत्त्यावरून आला तरी फाइल अचानक आली असेल तर विचारा, कारण खातंच हॅक झालेलं असू शकतं.

तिसरा: फाइलचा खरा प्रकार कोणता? विंडोज सुरुवातीला फाइलच्या नावातली शेवटची अक्षरं, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस जगभर पसरला तो याच आधारावर. फाइलचं नाव प्रेमपत्राचं, शेवटी डॉट टीएक्सटी दिसायचं. लोकांना वाटायचं साधी मजकुराची फाइल आहे. त्यापुढचं डॉट व्हीबीएस लपलेलं असायचं, म्हणजे तो एक प्रोग्राम होता. उघडला की तुमच्या ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तेच पत्र जायचं.

तुमच्या कॉम्प्युटरवर एक्स्टेन्शन दिसू द्या. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, वर ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ टॅबमध्येच ही टिक आहे. यानंतर मार्कशीट म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी डॉट ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, एलएनके किंवा आयएसओ दिसलं, तर प्रश्नच मिटला. डिलीट करा.

तिन्ही उत्तरं समाधानकारक असतील, तरच पुढे.

एका फाइलचं कुलूप कसं काढायचं

१. फाइल आधी ‘डाउनलोड्स’मध्ये सेव्ह करा. मेलमधून थेट उघडू नका.

२. फाइलवर राइट क्लिक करा आणि ‘प्रॉपर्टीज’ निवडा.

३. ‘जनरल’ टॅबमध्ये सगळ्यात खाली ‘सिक्युरिटी’ लिहिलेलं दिसेल. तिथे सांगितलेलं असतं, की ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली आहे आणि सुरक्षेसाठी अडवलेली असू शकते. शेजारी ‘अनब्लॉक’चा चौकोन असतो.

४. त्यावर टिक करा, ‘अप्लाय’ आणि ‘ओके’ दाबा.

५. फाइल पुन्हा उघडा.

झालं. चिठ्ठी फक्त या एका फाइलवरून निघाली. उद्या येणाऱ्या दुसऱ्या फाइलला पुन्हा चिठ्ठी लागेल, पुन्हा तोच प्रश्न येईल. आपल्याला हेच हवंय.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. झिप फाइल असेल तर ती सोडवण्याआधी झिपलाच अनब्लॉक करा. नाहीतर विंडोज आतल्या प्रत्येक फाइलला वेगळी चिठ्ठी लावतं आणि तुम्ही वीस वेळा टिक करत बसता. आणि एक्सेल कधीकधी “फाइल करप्ट आहे” म्हणून उघडायला नकार देतं, तेव्हाही आधी अनब्लॉक करून बघा. बऱ्याचदा फाइल ठणठणीत असते, फक्त प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये अडकलेली असते.

‘अनब्लॉक’चा चौकोनच दिसत नाही? मग एकतर फाइलला चिठ्ठी नाही आणि अडचण दुसरीच आहे, किंवा लॅपटॉप कंपनीचा अथवा कॉलेजचा आहे आणि तो पर्याय ॲडमिनने काढून टाकलाय. तिथे स्वतः खटपट करू नका, आयटीवाल्यांना सांगा.

पिवळी पट्टी: घाईने बटण दाबू नका

प्रोटेक्टेड व्ह्यू ऑफिस २०१० पासून आहे. यात फाइल बंदिस्त खोलीत उघडते. वाचता येते, स्क्रोल करता येते, पण आतलं काही चालत नाही. तुम्हाला फक्त परीक्षेचं वेळापत्रक किंवा मुलाखतीचा पत्ता वाचायचा असेल, तर ‘एनेबल एडिटिंग’ दाबायचं कारणच नाही. वाचा आणि बंद करा. बदल किंवा प्रिंट करायची असेल तेव्हाच ते बटण लागतं, आणि तेव्हा वरचे तीन प्रश्न पुन्हा विचारा.

फाइलच्या आत मोठ्या अक्षरात “मजकूर दिसत नसेल तर एनेबल एडिटिंग आणि एनेबल कंटेंट दाबा” असं लिहिलेलं असेल, तर सावध व्हा. खरा कागद वाचण्यासाठी असली सूचना लागत नाही. ही ठगांची जुनी सवय आहे.

लाल पट्टी: मॅक्रोची भानगड

मॅक्रो म्हणजे एक्सेल किंवा वर्डच्या फाइलमध्ये बसवलेला छोटा प्रोग्राम. बटण दाबलं की बेरीज व्हावी, पुढचं पान यावं, यासाठी ऑफिसांमध्ये तो सर्रास वापरतात. फाइलच्या शेवटी एम दिसला, म्हणजे डॉट एक्सएलएसएम किंवा डॉट डीओसीएम, तर आत मॅक्रो असू शकतो. जुन्या डॉट एक्सएलएस आणि डॉट डीओसी फाइलींमध्ये तर नावावरून कळतही नाही.

मॅक्रोला कॉम्प्युटरवर बरंच काही करता येतं, अडचण तिथेच आहे. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ व्हायरस वर्डच्या मॅक्रोमधून आला आणि आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवत सुटला. त्यानंतर वीसेक वर्षं मॅक्रो हे हल्लेखोरांचं आवडतं हत्यार राहिलं, कारण एका पिवळ्या बटणावर क्लिक करायला माणसाला पटवलं की काम झालं. म्हणून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ठरवलं, की इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो सरसकट अडवायचे आणि ते बटणच काढून टाकायचं. कंपन्यांनी आरडाओरडा केल्यावर हा बदल काही आठवडे मागे घेतला होता, पण जुलै २०२२ च्या शेवटी तो पुन्हा लागू झाला. तीच ही लाल पट्टी.

यावर उपाय असे:

आधी पाठवणाऱ्याला विचारा: “हाच फॉर्म पीडीएफ, साधी एक्सेल फाइल किंवा गुगल फॉर्म म्हणून मिळेल का?” बऱ्याचदा मिळतो. फक्त वाचायची असेल तर गुगल शीट्समध्ये उघडा. तिथे एक्सेलचे मॅक्रो चालत नाहीत, म्हणून धोका बराच कमी होतो.

मॅक्रो हवाच असेल आणि पाठवणाऱ्याची फोनवर खात्री केली असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे ती एक फाइल अनब्लॉक करा. उघडल्यावर पिवळी पट्टी आणि ‘एनेबल कंटेंट’ येईल. ते दाबा, फॉर्म भरा, पाठवा आणि काम झाल्यावर मूळ फाइल डिलीट करा. माझ्या बहिणीचं काम एवढंच होतं. मी फोन उचलला असता तर भोरची फेरी वाचली असती.

मॅक्रोचा रस्ता अवघड झाल्यावर ठगांनी आयएसओ, एलएनके आणि वननोटच्या फाइलींकडे मोर्चा वळवला. तुमचं कॉलेज किंवा बँक असल्या फाइली पाठवण्याची शक्यता जवळपास शून्य. आल्या तर उघडू नका.

आउटलुक आणि जीमेल देतच नाहीत तेव्हा

आउटलुक डॉट ईएक्सई, बीएटी, जेएस, व्हीबीएस अशा प्रकारांना आणि ॲक्सेसच्या एमडीबी फाइलींनाही हात लावू देत नाही. इंटरनेटवर याचे ‘रजिस्ट्री बदला’ छापाचे उपाय सापडतील. ते करू नका. तो बदल केला, की त्या प्रकारच्या पुढच्या सगळ्या फाइलींना दार उघडं राहतं. पाठवणाऱ्याला सांगा, की फाइल गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर ठेवून लिंक पाठव.

जीमेलचीही अशी यादी आहे. ईएक्सई आणि एपीके तर नाहीतच, फेब्रुवारी २०१७ पासून जेएस फाइलीही चालत नाहीत. झिपमध्ये घालून पाठवलं तरी जीमेल आत डोकावतं. म्हणून कॉलेजचा प्रोजेक्ट सरांना पाठवताना मेल परत येतो, तेव्हा चूक सरांच्या मेलबॉक्सची नसते. तुमच्या झिपमध्ये कुठेतरी ईएक्सई किंवा जेएस फाइल असते. वेब डेव्हलपमेंटचा प्रोजेक्ट असेल तर ती असणारच. ड्राइव्हची लिंक द्या किंवा गिटहबवर टाका. २५ एमबीपेक्षा मोठी अटॅचमेंटही जीमेलवरून थेट जात नाही, तिचीही ड्राइव्ह लिंकच होते.

अँटिव्हायरसने फाइल गायब केली असेल तर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. काय पकडलं त्याचं नाव तिथे असतं. ते खोटं वाटलं तरी फाइल परत आणण्याआधी पाठवणाऱ्याशी बोला. त्याच्याच कॉम्प्युटरला लागण झालेली असू शकते. फाइल तपासायला व्हायरसटोटल ही साइट चांगली आहे, पण तिथे टाकलेली फाइल इतर सुरक्षा संस्थांनाही मिळू शकते. आधार, मार्कशीट, पगारपत्रक तिथे अपलोड करू नका.

प्रिव्ह्यू अचानक बंद झाला?

ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर बऱ्याच जणांना हे दिसलं. फाइल एक्सप्लोररच्या उजव्या बाजूला पीडीएफ किंवा वर्डचा प्रिव्ह्यू दिसायचा, त्याजागी “या फाइलने तुमच्या कॉम्प्युटरला इजा होऊ शकते” अशा अर्थाची सूचना येऊ लागली. लॅपटॉप बिघडलेला नाही. नुसत्या प्रिव्ह्यूमधूनही लॉगिनची गुप्त माहिती बाहेर जाऊ शकते हे लक्षात आल्यावर मायक्रोसॉफ्टने चिठ्ठी लागलेल्या फाइलींचा प्रिव्ह्यू मुद्दाम बंद केला. ओळखीची फाइल असेल तर अनब्लॉक करा. लगेच फरक पडला नाही तर एकदा साइन आउट करून परत साइन इन करा.

अडवलेली नाही, कारण वेगळंच

पासवर्ड मागतेय: ई-आधारची पीडीएफ असेल तर पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष. बँक स्टेटमेंटचा पासवर्ड कसा बनवायचा ते मेलमध्येच लिहिलेलं असतं.

डिजिटल सातबारा किंवा दाखल्यावर सहीजवळ प्रश्नचिन्ह: फाइल अडवलेली नाही. तुमच्या पीडीएफ वाचकाला त्या सहीची पडताळणी करता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विनमेल डॉट डॅट नावाची फाइल आली: समोरच्याच्या आउटलुकने मेल स्वतःच्या खास पद्धतीत बांधून पाठवला. त्याला एचटीएमएल किंवा साध्या मजकुराच्या स्वरूपात परत पाठवायला सांगा.

खूप जुनी वर्ड फाइल: एखाद्या जुन्या सीडीवरून कोणी पाठवली असेल तर ऑफिस ती जुन्या प्रकारामुळे अडवू शकतं. ती गुगल डॉक्स किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडून नव्या प्रकारात सेव्ह करून बघा.

फोनवर काय?

आपल्यापैकी बहुतेक जण मेल फोनवरच बघतात. फोनमध्ये विंडोजसारखी ‘अनब्लॉक’ची टिक नसते. वर्ड, एक्सेल, पीडीएफ फाइल जीमेलमध्येच प्रिव्ह्यू करून वाचा. बहिणीसारखा मॅक्रोवाला फॉर्म फोनवरच्या एक्सेलमध्ये दिसेल, पण त्याची बटणं चालणार नाहीत. त्यासाठी कॉम्प्युटरच लागेल.

फोनवरचा खरा धोका एपीके फाइलचा. ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान’ अशा नावांनी या फाइली प्रामुख्याने व्हॉट्सॲपवर फिरतात. शेवटी डॉट एपीके असतं, म्हणजे ते कागदपत्र नसून ॲप असतं. उघडायला गेलात की अँड्रॉइड विचारतो: या ॲपला अनोळखी ॲप टाकायची परवानगी द्यायची का? २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून हा प्रश्न प्रत्येक ॲपसाठी वेगळा विचारला जातो. लाल पट्टीचं काम फोनवर हाच प्रश्न करतो. इथे ‘नाही’ म्हणा. असली ॲप्स एसएमएस वाचण्याची परवानगी घेतात आणि बँकेचे ओटीपी पळवतात. चलन खरं आहे का ते परिवहनच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. पत्रिका हवी असेल तर फोटो मागवा.

चुकून ॲप टाकलंच असेल तर इंटरनेट बंद करा, ॲप काढून टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच थांबवता येण्याची शक्यता जास्त.

लॅपटॉप दुसऱ्याकडून ‘ठीक’ करून आणलाय? हे तपासा

बहिणीच्या लॅपटॉपवर मी जे परत जागेवर आणलं, ते तुम्हीही दहा मिनिटांत तपासू शकता.

१. एक्सेल उघडा. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ट्रस्ट सेंटर’, ‘ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज’. इथे ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये ‘डाउनलोड्स’, ‘डेस्कटॉप’ किंवा अख्खा सी ड्राइव्ह दिसला तर तो काढून टाका. त्या फोल्डरमधल्या फाइलींना कसलीच विचारणा होत नाही. बहिणीच्या लॅपटॉपमध्ये हेच केलेलं होतं.

२. तिथेच ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये तीन टिक असतात. तिन्ही असायला हव्यात.

३. ‘मॅक्रो सेटिंग्ज’मध्ये सगळे मॅक्रो चालू करणारा पर्याय निवडलेला असेल, तर सूचना देऊन बंद ठेवणारा पर्याय निवडा.

४. हेच वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्येही बघा. प्रत्येकाची सेटिंग्ज वेगळी असतात.

५. ‘विंडोज सिक्युरिटी’, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘मॅनेज सेटिंग्ज’. ‘रिअल टाइम प्रोटेक्शन’ चालू आहे ना ते बघा. खाली ‘एक्सक्लूजन्स’मध्ये जा. तुम्ही स्वतः टाकलेला नसेल असा प्रत्येक अपवाद काढून टाका. बहिणीकडे इथेही ‘डाउनलोड्स’ होतं.

६. शेवटी पूर्ण स्कॅन लावा आणि चहा प्यायला जा. वेळ लागतो.

बहिणीच्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही. तो बनावट मेल तिने कंपनीच्या आयटी विभागाला पाठवला, तेव्हा कळलं की तसाच मेल आणखी काही नव्या मुलांना आला होता. नव्याने लागलेल्या मुलांनाच का, हे उघड आहे. त्यांना एचआरचे मेल ओळखायची सवय नसते आणि नाही म्हणायची भीती वाटते.

म्हणून पुढच्या वेळी पट्टी आली की चिडू नका आणि घाबरूही नका. मुदत जवळ असेल तर आधी पाठवणाऱ्याला फोन करा. “फाइल अडवली जातेय, दुसऱ्या प्रकारात पाठवाल का?” हे विचारण्यात काही कमीपणा नाही. आणि दुकानात जावंच लागलं, तर समोर बसून एवढंच सांगा: “दादा, फक्त ही एक फाइल अनब्लॉक करा. बाकी कशाला हात लावू नका.”